चौदा नंबर आणि मॉपचा दांडा

९ जून

ही वही शाळेनं संघनिवडीसाठी दिली होती. नाव, वय, उंची, धावण्याची वेळ, शेरा असे पाच रकाने छापलेले आहेत. साथ आली आणि स्पर्धा बंद, संघ बंद, शाळाच बंद. सव्वीस वर्षं खेळाची बाई म्हणून मैदानावर ओरडले आणि आता मोबाईल खिडकीत उभा करून त्याच्यासमोर एकटीच उड्या मारते. पलीकडे पस्तीस मुलं कॅमेरा बंद करून झोपलेली असतात. परवा खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले, काही पडलं का म्हणून. तेव्हा आजपासून या वहीत मनातलं लिहिणार. शेरा मीच मारणार.

आजची बातमी म्हणजे बस सुरू झाल्या. आमचे हे चौदा नंबरचे ड्रायव्हर. आमच्या टेकडीवरच्या वसाहतीतून खाली शहरात जाणारी ही एकच बस. अडीच महिने घरी बसून यांनी घरातल्या प्रत्येक बिजागरीला दोनदा तेल घातलं होतं, त्यामुळे पहाटे डेपोची जीप न्यायला आली तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. बसमध्ये एकाआड एक सीटवर फुली मारलीय म्हणे. मागच्या तर सीटाच काढून टाकल्यात, हवा खेळती राहावी म्हणून. संध्याकाळी विचारलं, पहिल्या फेरीला किती माणसं होती? "चार," म्हणाले, "मला धरून."

शेजारची लॅबवाली चहाच्या वेळी दारात आली, म्हणजे दारापासून चार हात लांब उभी राहिली. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रोगाच्या नळ्या हाताळते, पण बसचा दांडा धरायची हिला भीती वाटते. म्हणाली, बाई, मला सायकल शिकवाल का? वय त्रेचाळीस. मी म्हटलं, उद्या सहाला मैदानावर ये. शाळेच्या मैदानाची किल्ली माझ्याकडेच आहे.

१२ जून

मोठ्या माणसांना सायकल शिकवायची माझी रीत अशी. आधी पान्यानं दोन्ही पायडल काढून टाकायची. सीट खाली घ्यायची. मग पायानं जमीन ढकलत, नुसता तोल सावरत सायकल पुढे न्यायची. तीन दिवसांत तोल येतो, मग पायडल बसवायची. इथवर ठीक. पण पायडल बसवल्यावर मागून सीट धरून पळावं लागतं, आणि सरकार म्हणतंय दोन हात अंतर ठेवा.

आज डोक्यात प्रकाश पडला. घरातल्या मॉपचा लांब दांडा काढला आणि सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधला. आता मी मागे दोन हातांवरून दांडा धरून पळते. धरणाऱ्याला धरल्याचं समाधान, बसणाऱ्याला बसल्याचं. यांनी घरी येऊन पाहिलं तर मॉप बिनदांड्याचा. ओणवे होऊन फरशी पुसली. माणूस चांगला आहे माझा.

२० जून

लॅबवाली चालवायला लागली. कसं ते लिहून ठेवते, कारण ही माझी खरी विद्या आहे. मागून सतत बोलत राहायचं. "धरलंय, धरलंय, पुढे बघ, धरलंय." आणि मध्येच कधीतरी हात सोडायचा. तोंड चालू ठेवायचं. आज तिनं मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला मी तिला समोर उभी दिसले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, अर्धा मास्कखाली असला तरी. म्हणाली, बाई, तुम्ही तर खोटारड्या आहात. मी म्हटलं, आहेच.

तेवीस तारखेपासून ती सायकलनं कामाला जाणार. शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं.

४ जुलै

सात जण झाले. लॅबवालीनं गावभर करून टाकलं. लाँड्रीत कामाला जाणाऱ्या दोघी जावा आहेत. बाजारपेठेत दुकान असलेले टेलरकाका आहेत, वय बासष्ट, पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून पायाला बांधायचा पट्टा स्वतःच्या हातानं शिवून आणला. सगळे बसला घाबरलेले. मी वहीत रकाने बदलून घेतले: नाव, वय, कुठं जाणार, सकाळी निघायची वेळ, परत यायची वेळ, शेरा. पद्धतशीर काम असलं की माणसाला बळ येतं.

रविवारी हे मैदानावर येऊन सगळ्यांच्या चेनला तेल घालतात, ब्रेक घट्ट करतात. स्वतः मात्र सायकलला हात लावून बाजूला होतात. यांना येत नाही. लहानपणी एकदा उतारावरून पडले ते पडलेच. मी म्हटलं, या, तुम्हालाही दांड्यावर धरते. तर म्हणतात कसे, सहापेक्षा कमी चाकांवर माझा विश्वास नाही.

यांनी एक गोष्ट आज सांगितली. जुलै-ऑगस्ट डेपोत मोजणी होणार आहे. ज्या मार्गाला फेरीमागे सरासरी अठरा माणसं मिळणार नाहीत तो मार्ग बंद, आणि जादा ठरलेले ड्रायव्हर नव्वद किलोमीटरवरच्या डेपोत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना यांनी तिकडे खोली करून राहायचं आणि मी इथं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पण चौदा नंबर बंद होणार नाही. टेकडी कुठं जाणार आहे? वर राहणारी माणसं तेवढीच आहेत. मी यांना तसं स्पष्ट सांगितलं. हे तेलाची बाटली पुसत बसले होते.

१९ जुलै

सोळा जण. सकाळी दोन तुकड्या, संध्याकाळी एक.

यांना एक नवीन खोड लागलीय. रात्री जेवताना माझी वही मागून घेतात आणि एकेका नावाबद्दल विचारतात. हे कुठं उतरायचे? आज टेलरकाकांचं नाव वाचून म्हणाले, "डावीकडची मागची सीट. उतरताना रोज थँक्यू म्हणायचे. चांगले होते." मी म्हटलं, होते काय, आहेत, धडधाकट आहेत, आज चार फेऱ्या मारल्या. हे हसले. मोठ्या जावेबद्दल म्हणाले, ती बस सुटताना पळत यायची, तिच्यासाठी थांबावं लागायचं. आता आपल्या वेळेनं जाईल. मला बरं वाटलं. यांना माझ्या कामात एवढा रस याआधी कधी नव्हता.

२ ऑगस्ट

तेवीस. छोटी जाऊ कुंपणात गेली. कुंपणाला लागलंय, तिला नाही.

३१ ऑगस्ट

मोजणी संपली. हे आले, बूट काढले, हातपाय धुतले, बराच वेळ धुतले. मी विचारलं, काय झालं चौदाचं? "चौदा कुठं जातोय," म्हणाले. मी म्हटलं, बघा, सांगितलं नव्हतं? उगाच दोन महिने तोंड पाडून बसला होतात. संध्याकाळी गोड करायचं ठरवलं, पण यांना भूक नव्हती. जीव भांड्यात पडला की भूक मरते असं माझी आई म्हणायची.

उद्या नवीन तुकडी. एकतीस होतील.

११ सप्टेंबर

जीपची वेळ बदललीय म्हणे. आता ती वर येत नाही, खाली चौकात थांबते, म्हणून हे पाऊण तास आधी निघून चालत जातात. परतीलाही चालत. मी म्हटलं, तक्रार करा. म्हणाले, असू दे, पाय मोकळे होतात.

आणि खरंच, डावा गुडघा दुखायचा थांबलाय. क्लच दाबून दाबून वीस वर्षं तो दुखत होता. मी रोज तेल चोळते त्याला अखेर गुण आला म्हणायचा. पोटही उतरलंय. दुसरं म्हणजे हल्ली हे सांगितलेल्या वेळेला घरी येतात, मिनिटाचा फरक नाही. आधी कधी रेल्वेचं फाटक, कधी पंक्चर, कधी मोर्चा. साथीमुळे रस्ते रिकामे झाले त्याचा हा एक फायदा.

२७ सप्टेंबर

आज नवीन आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, बाई, किती दिवसांत रस्त्यावर जाता येईल, कारण बस तर येतच नाही. मोठ्या जावेला एकदम ठसका लागला. मी त्यांना चांगलंच ऐकवलं. म्हटलं, बस येत नाही, बस येत नाही, ही लोकांची जन्माची तक्रार आहे. माझे यजमान ती चालवतात, एक दिवस खाडा नाही. ठसका थांबल्यावर मोठी जाऊ त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगत होती, माझ्याविषयी सांभाळून बोला असंच असणार. धाक असावा शिकवणारीचा.

यांचे बूट चांभाराकडून नवे तळ लावून आणले. पूर्वी फक्त उजवी टाच झिजायची, आता दोन्ही सबंध. हलके तळ मिळतात हल्ली.

१८ ऑक्टोबर

एक्केचाळीस! वहीची पानं संपत आली. वसाहतीतून सकाळी सात ते नऊ नुसत्या घंट्या वाजतात. लॅबवाली सांगते, उतारावरून जाताना वाऱ्यानं कान भरतात आणि दिवसभराचा वैताग आधीच निघून जातो. मी अभिमानानं फुगलेय हे कबूल करते. सत्तावीस वर्षांत, म्हणजे सव्वीस अधिक हे एक, इतकं समाधान कुठल्या ढालीनं दिलं नव्हतं.

एकच रडगाणं आहे. चढ. जाताना सगळे राजे, येताना पाच किलोमीटर टेकडी. टेलरकाका अर्ध्यातून उतरून सायकल ढकलत आणतात. छोटी जाऊ म्हणाली, बाई, आठवड्यात दोनदा तरी वाटतं की सायकल खालीच टाकून यावं. मी म्हटलं, मांड्या भरल्या की सगळं होतं. पण आठ जणांनी गेल्या महिन्यात जाणं सोडलंय, ते घरी बसतात किंवा रिक्षाची वाट बघतात. शेऱ्यात 'सराव कमी' लिहिलं.

रात्री हे माझ्या सायकलचं हँडल टेपनं मापत होते. आडवं, मग तिरकं. मी म्हटलं, हे काय? असंच, म्हणाले. जेवताना यांनी बसमधल्या म्हाताऱ्याचा किस्सा सांगितला, तो जो पिंजऱ्यातल्या पोपटाचं तिकीट मागतो. हसले मी. पण हा किस्सा यांनी जानेवारीतही सांगितला होता. वय झालं आता यांचं, विसरतात.

२२ नोव्हेंबर

गुरुवारी यांच्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं होतायत. एक बेत केलाय. यांना पत्ता लागू द्यायचा नाही. माझे विद्यार्थी यांची बस भरून टाकणार! साथ बरीच उतरलीय, मास्क लावून बसलं तर काही होत नाही. सकाळी आठ दहाच्या फेरीला वरच्या थांब्यावर सगळ्यांनी जमायचं, मीही जाणार. मी शेवटची बसमध्ये कधी बसले तेही आठवत नाही, सायकल असताना कशाला बसेन? बस आमच्या मैदानाच्या मागच्या अंगाला थांबते, तिकडे माझं जाणंही होत नाही.

तुकडीत सांगितलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. टेलरकाकांनी विचारलं, नक्की चौदाच ना? मी म्हटलं, नाहीतर काय विमान? गुरुवार, आठ दहा, उशीर चालणार नाही.

२६ नोव्हेंबर

सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून आधी पाणी प्यायले.

आठला पाच मिनिटं असताना सायकलनं थांब्यावर पोचले. अकरा जण आले होते, दोन दोन हात अंतर ठेवून, रांगेत. टेलरकाकांनी ड्रायव्हरच्या सीटसाठी निळ्या कापडाचं कव्हर शिवून आणलं होतं, कडेला पांढरी पायपिंग. लॅबवाली रजा टाकून आली होती. मी सगळ्यांना सूचना दिल्या, बस आली की टाळ्या, मग एकेकानं चढायचं.

आठ दहा झाले. आठ पंचवीस झाले. मी म्हटलं, फाटक लागलं असेल. पावणेनऊ झाले तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून खांबाकडे पाहिलं. चौदाची लाल पाटी तिथे नव्हती. पाटीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती.

"बाई," लॅबवाली हळू म्हणाली, "चौदा नंबर सप्टेंबरपासून बंद आहे."

माझ्या तोंडातून आलं ते हेच, की मग तुम्ही सगळे इथं कशाला आलात? टेलरकाका कव्हराची घडी करत म्हणाले, "तुम्ही बोलावलंत म्हणून. आम्हाला वाटलं, बाईंनी काहीतरी करून आजच्या पुरती एक फेरी मिळवली असेल. तुमचा काही नेम नाही." मोठी जाऊ म्हणाली, ड्रायव्हरसाहेबांनीच सांगितलं होतं, बाईंजवळ विषय काढू नका. रविवारी ब्रेक घट्ट करता करता प्रत्येकाला सांगितलं होतं.

अकरा माणसं पाऊण तास न येणाऱ्या बसची वाट बघत उभी राहिली, कारण मी सांगितलं होतं. लाज वाटली मला. आणि राग आला, तो कुणाचा ते ठरवायच्या आधीच मी सायकलवर होते. उतारावर ब्रेक लावल्याचं आठवत नाही.

डेपोच्या आवारात बस ओळीनं उभ्या होत्या, धूळ बसलेल्या. एकाच गाडीचं इंजिन चालू होतं. चौथ्या ओळीत, कपाळावर १४ नंबर. हे सीटवर ताठ बसले होते, मास्क लावून, दोन्ही हात स्टेअरिंगवर, समोर भिंत. मी पुढच्या दारानं चढले. यांनी आरशात पाहिलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन सप्टेंबरपासून."

काय करता इथं, विचारलं तर म्हणाले, रोज सगळ्या गाड्या सुरू करायच्या. एकेक गाडी दहा मिनिटं. नाहीतर बॅटऱ्या बसतात, टायर एका जागी चपटे होतात. अडतीस गाड्या आहेत. जीप केव्हाच बंद झालीय, म्हणून चालत. तीन महिने रोज दहा किलोमीटर हा माणूस चालला आणि मी गुडघ्याला तेल चोळून श्रेय घेतलं.

"फेरीला आठ माणसं कमी पडली," हे म्हणाले. "त्यातली तुझ्याकडची किती, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

मी फळ्यावर हिशेब मांडल्यासारखी तिथेच बोटं मोजत उभी राहिले. डावीकडची मागची सीट. पळत येणारी. दुसऱ्या खिडकीतली. एकेक मी दांड्यावर धरून खाली पोचवलं होतं, 'उत्तम' असा शेरा मारून.

"आणि तरी तुम्ही त्यांच्या चेनला तेल घालत होतात?"

"मग काय, कोरड्या चेननं टेकडी चढायला लावू? माझेच पॅसेंजर ते."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंत. यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. म्हणाले, सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मैदानाला कुलूप लावलं असतंस. तुला ओळखत नाही का मी? कित्येक वर्षांत तुला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मग खाली बघून म्हणाले, "तू पण तेच करतेस ना. धरलंय म्हणतेस, आणि दांडा हातात नसतो. पडत नाही कुणी."

ऑर्डरही आलीय. एक जानेवारीपासून नव्वद किलोमीटर. खोली बघायला पुढच्या आठवड्यात जाणार होते.

मला रडू आलं. मास्कमध्ये रडणं हा भलताच गैरसोयीचा प्रकार आहे, चष्मा धुकट होतो आणि नाक पुसता येत नाही. सदतीस नंबरची गाडी सुरू करायची राहिलीय म्हणाले. मी बाजूच्या सीटवर बसून राहिले, फुली मारलेल्या.

२७ नोव्हेंबर

तुकडी रद्द केली. तरी सकाळी सहाला सगळे फाटकाशी हजर. मी म्हटलं, आज नाही. टेलरकाका म्हणाले, मग उद्या किती वाजता? या माणसांना रद्द शब्द कळत नाही, मीच तसं शिकवलंय.

दिवसभर स्वतःला दूषणं दिली. मग कंटाळा आला. स्वतःला दूषणं देणं हा माझा प्रांत नाही, त्यात मी कच्ची आहे. लॅबवालीनं सायकल शिकू नये असं मला अजूनही वाटत नाही. वाटतं ते इतकंच, की हे इथंच राहायला हवेत. संध्याकाळी वही उघडून बसले. आणि मग दिसलं. परत यायच्या वेळेचा रकाना.

१ डिसेंबर

डेपो मॅनेजरकडे गेले. वही बरोबर. यांना सांगून गेले, लपवाछपवी पुरे झाली दोघांची. हे म्हणाले, साहेब ऐकून घेतील, करणार नाहीत. मी म्हटलं, ते साहेबांनी अजून मला पाहिलं नाही म्हणून.

मॅनेजर तिशीतला, दमलेला माणूस. मी वही समोर ठेवली. म्हटलं, तुम्ही दिवसभराची सरासरी काढलीत, तिथंच चुकलं. सकाळी टेकडी उतरायला कुणाला बस नको. पण संध्याकाळी साडेपाच ते सातच्या मध्ये सव्वीस माणसं चढ चढून येतात, जीव मेटाकुटीला येतो त्यांचा. त्याशिवाय आठ जण या चढापायी घरी बसलेत. ही त्यांची नावं, ही वेळ, ही कालच घेतलेली सही. त्यांना बस द्या, फक्त वर यायची. सायकलीसकट.

म्हणाले, बसमध्ये सायकल नियमात बसत नाही. मी म्हटलं, नियमात साथ तरी कुठं बसत होती? मागच्या सीटा तुम्ही हवा खेळायला काढल्यात. सहा महिने पुरेशी खेळली हवा.

ते जरा हसले. मग त्यांनी खणातून एक कागद काढला. बसच्या मागच्या भागाचा नकाशा, पेन्सिलनं काढलेला. एक सायकल सरळ, एक उलटी, हँडल तिरकी धरून, अशा बारा सायकली बसवलेल्या, सगळी मापं घालून. कुठं पट्टा बांधायचा तेही दाखवलं होतं. म्हणाले, हा महिनाभर माझ्याकडे पडून आहे, पण यात माणसं किती येतील ते नव्हतं, म्हणून पुढे पाठवता आला नाही. मी म्हटलं, आता आलं ना. डेपोत कुणालातरी डोकं आहे हे बघून बरं वाटलं. काम मात्र माझ्या वहीनं झालं.

सात तारखेपासून चार आठवडे, रोज संध्याकाळी तीन फेऱ्या, खालून वर. सरासरी अठरा. तोवर यांची ऑर्डर थांबवली.

७ डिसेंबर

पहिल्या फेरीला पंधरा माणसं, नऊ सायकली. निळं कव्हर ड्रायव्हरच्या सीटवर. चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होती आणि खिडकीतून टेलरकाका टेकडीकडे बघत होते, जुना शत्रू बघावा तसे. उतरताना थँक्यू म्हणाले. हे आरशातून सगळ्यांकडे एकेक करून बघत होते. मी पहिल्या सीटवर बसले होते, तिकीट काढून.

दुसऱ्या फेरीला मोठी जाऊ पळत आली. हे थांबले.

१६ डिसेंबर

सरासरी सोळा. पदर खोचून शाळेच्या जुन्या यादीतले पालक पकडले, आठ 'सराव कमी' वाल्यांच्या घरी स्वतः गेले. शेरा खोडला त्यांचा. सराव कमी नव्हता, टेकडी जास्त होती.

४ जानेवारी

एकवीस!

ऑर्डर रद्द. चौदा नंबर संध्याकाळपुरता कायम. खांबावर पाटी परत लागली, जुनीच, थोडी वाकडी. मी मान वर करून नीट वाचली.

१० जानेवारी

रविवार. मैदानावर कुणी नव्हतं. हे म्हणाले, संध्याकाळी शेवटच्या फेरीनं मी वर येतो, तिथून गाडी दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर खाली नेतो, म्हणजे संध्याकाळचा प्रश्न नाही. पण सकाळी डेपोत चालतच जायचं का मी? सगळे उतारावरून घंटा वाजवत जातात माझ्या शेजारून. गुड मॉर्निंग ड्रायव्हरसाहेब म्हणतात. बरं नाही दिसत.

मी पाना काढला, माझ्या सायकलची दोन्ही पायडल सोडवली. सात दिवसांपासून हे रोज पहाटे जमीन ढकलत होते आणि मला वाटत होतं फिरायला जातात, हे आज कळलं, कारण तोल अगदी तयार होता. मग पायडल बसवली. मी दांडा बांधायला गेले तर म्हणाले, तो नको. घरच्या माणसाला काठी कशाला? खरंच होतं. दोन्ही हातांनी सीट धरली.

अठ्ठावीस वर्षं बस चालवलेला माणूस, पाठीचा घाम शर्टातून दिसत होता. पहिल्या फेरीला वाकडं, दुसऱ्या फेरीला कमी वाकडं. तिसऱ्या फेरीला सायकल सरळ धावायला लागली. हात सोडायची हीच वेळ असते. एक्केचाळीस जणांच्या वेळेला मला ती बरोबर कळली होती, आजही कळली.

"सोड आता," हे म्हणाले.

"सोडलंय," मी म्हटलं, आणि सीट घट्ट धरून मागे पळत राहिले.